बेट्टावरचा बिंदू

म्हैसूरच्या नजरबाद भागात सकाळी गच्चीवर उभं राहिलं की समोर दक्षिणेला चामुंडीचा डोंगर आडवा पसरलेला दिसतो. इथले लोक त्याला नुसतं ‘बेट्ट’ म्हणतात. कन्नडमध्ये बेट्ट म्हणजे डोंगर, आणि म्हैसुरात बेट्ट म्हटलं की दुसरा कुठला डोंगर कुणाच्या मनात येत नाही. गच्चीवरून तो मऊ, हिरवा, जवळचा वाटतो. पायथ्याशी गेलं की त्याचं खरं रूप कळतं. घराएवढाल्या शिळा एकमेकींवर रेललेल्या, त्यांच्या फटींतून घाणेरीची जाळी, तरवड, बाभळी, निवडुंग, आणि पावसाळा सरला की पायांना कापणारं वाळकं गवत. पायऱ्यांची वाट सोडली तर दहा पावलं सरळ चालता येत नाही.

आता अशी कल्पना करा, की या डोंगरावर कुणीतरी जेवणाच्या डब्याएवढी एक पेटी ठेवली आहे. कुठे, ते तुम्हाला माहीत नाही. दहा माणसं महिनाभर फिरली तरी ती सापडेल याची खात्री नाही. पण ठेवणाऱ्याने तुम्हाला फक्त दोन आकडे सांगितले, एक अक्षांश आणि एक रेखांश, तर बारा वर्षांचं पोर हातातला मोबाइल बघत तासाभरात त्या शिळेपाशी जाऊन उभं राहील. या दोन आकड्यांच्या जोरावर जगभर जो खेळ चालतो, त्याला जिओकॅशिंग म्हणतात.

खेळाचे नियम सोपे आहेत. पेटी पाणी न शिरणारी हवी. आत एक छोटी वही आणि पेन्सिल. शाईचं पेन दमट हवेत दगा देतं, म्हणून पेन्सिल. सोबत दोन-चार किरकोळ वस्तू: नाणं, बिल्ला, एखादं खेळणं. पेटी सापडली की वहीत तारीख आणि नाव लिहायचं, हवं तर एक वस्तू घ्यायची आणि तिच्या तोडीची दुसरी ठेवायची, आणि पेटी होती तशीच, होती तिथेच लपवून निघून यायचं. पेटी ठेवणारा तिची जागा आणि आसपासची एखादी खूण सर्वांसाठी जाहीर करतो. शोधायला किती अवघड आणि पोचायला किती अवघड, असे दोन दर्जे एक ते पाचमध्ये दिलेले असतात. चामुंडीच्या उतारावरच्या पेटीला पोचण्याच्या बाबतीत चारच्या खाली दर्जा मिळाला नसता.

हा खेळ नेमका कोणत्या आठवड्यात जन्मला, ते सांगता येतं. अमेरिकेचे जीपीएस उपग्रह आधीपासून आकाशात होते, पण नागरी वापरासाठीच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळलेली असे. त्यामुळे सामान्य माणसाच्या यंत्राला आपली जागा शंभरेक मीटर इकडे-तिकडे दिसायची. १ मे २००० च्या मध्यरात्री ही चूक काढून टाकण्यात आली आणि जगातली सगळी जीपीएस यंत्रं एका रात्रीत कित्येक पट नेमकी झाली. ३ मे रोजी डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थांनी ओरेगन राज्यात बीव्हरक्रीक गावाजवळ एक काळी बादली ठेवली. आत काही पुस्तकं, थोडे पैसे, एक गलोल आणि घेवड्याच्या दाण्यांचा एक डबा होता. बादलीची जागा त्यांनी जाहीर केली आणि तीन दिवसांत ती दोघांना सापडली. त्याच वर्षी या खेळाला त्याचं नाव मिळालं आणि सप्टेंबरमध्ये त्याची नोंद ठेवणारं संकेतस्थळ सुरू झालं. आज जगभरात तीस लाखांहून जास्त पेट्या आहेत. भारतात त्या तुरळकच.

त्याआधीही अशी हौस होती. इंग्लंडमधल्या डार्टमूर या खडकाळ, ओसाड माळावर १८५४ मध्ये जेम्स पेरट या वाटाड्याने क्रॅनमिअर पूल नावाच्या आडजागी एक बाटली ठेवली होती. तिथवर पोचणाऱ्याने आत आपलं नावाचं कार्ड टाकायचं. दुर्गम जागी पोचल्याची खूण मागे ठेवावी, असं माणसाला फार पूर्वीपासून वाटत आलं आहे. उपग्रहांनी त्या इच्छेला पत्ता मिळवून दिला.

या पत्त्याची भाषा मराठी वाचकाला परकी नाही. पंचांगात ग्रहांची स्थिती अंश, कला, विकला यांत देतात. पृथ्वीवरच्या जागेचं मोजमापही त्याच भाषेत होतं. एका अंशाच्या साठ कला, म्हणजेच साठ मिनिटं. चामुंडीचं देऊळ उत्तरेकडे १२ अंश आणि १६ मिनिटांच्या किंचित पुढे, पूर्वेकडे ७६ अंश आणि ४० मिनिटांच्या आसपास आहे. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे जमिनीवर सुमारे १,८५० मीटर. जिओकॅशिंगमध्ये मिनिटाचे हजार भाग करून जागा सांगतात, म्हणजे शेवटचा आकडा एकाने बदलला की जागा पावणेदोन-दोन मीटर सरकते. एवढ्या मोठ्या पृथ्वीवरची जागा खाटेच्या लांबीइतक्या अंतरापर्यंत बोटावर दाखवता येते, ती या दशांशामुळे.

मोबाइलला हे कळतं कसं? जीपीएसचे तीसेक उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. प्रत्येकात अणुघड्याळ असतं आणि प्रत्येक उपग्रह सतत दोनच गोष्टी सांगत असतो: मी आत्ता कुठे आहे, आणि माझ्या घड्याळात किती वाजले आहेत. हा संदेश प्रकाशाच्या वेगाने येतो. निघाल्यापासून पोचेपर्यंत किती वेळ गेला ते कळलं, की उपग्रहापासून आपलं अंतर कळतं. तीन उपग्रहांपासूनची अंतरं कळली की आपण कुठे आहोत ते ठरतं. पण मोबाइलमधलं घड्याळ साधं असतं, त्याची चूक काढून टाकायला चौथा उपग्रह लागतो. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली तर जागा ३०० मीटर चुकते, म्हणून हा सगळा खटाटोप. आइन्स्टाइनचा सापेक्षतावादही इथे रोजच्या कामाला येतो. वर गुरुत्व कमी असल्याने उपग्रहावरचं घड्याळ पुढे पळतं, वेगामुळे थोडं मागे पडतं. दोन्हींचा हिशेब केला तर ते दिवसाला ३८ मायक्रोसेकंद पुढे जातं. ही दुरुस्ती केली नाही तर एका दिवसात सुमारे ११ किलोमीटरची चूक साचेल, आणि मग चामुंडीवरची पेटी आपण कावेरीच्या काठी शोधत बसू.

खडकाळ डोंगरावर हे गणित कसं वागतं ते मी स्वतः पाहिलं. पायऱ्यांच्या वाटेने चढताना सातशेव्या पायरीच्या सुमारास एकाच शिळेतून कोरलेला प्रचंड नंदी लागतो. उंची जवळपास पाच मीटर, सतराव्या शतकात म्हैसूरचे राजे दोड्ड देवराज वडियारांच्या काळात घडवलेला. पायऱ्याही त्याच काळातल्या. नंदीसमोरच्या मोकळ्या जागेत उभं राहून मी आकडे टिपले. एकाच जागी पाय न हलवता पाच मिनिटं उभा होतो, तरी शेवटचा आकडा दोन-तीन घरं मागेपुढे होत राहिला. मग एका उंच शिळेच्या कुशीत, पायऱ्यांना लागूनच, उभा राहिलो. आता नकाशावरचा ठिपका शिळेच्या पलीकडे, चांगला दहा-बारा मीटर लांब जाऊन बसला. उपग्रहाचा संदेश समोरच्या खडकावर आपटून उलटा येतो, त्याची वाट लांबते आणि यंत्राला वाटतं की आपण दूर आहोत. घनदाट जंगलात ओली पानं संदेश शोषतात. खुरट्या झुडपांच्या डोंगरावर तो त्रास नाही, डोक्यावर आभाळ मोकळं असतं. इथे अडचण खडकाची आहे. म्हणूनच या खेळातले जाणते लोक शेवटच्या दहा मीटरला मोबाइल खिशात ठेवतात आणि डोळे उघडे ठेवतात. दगडांची रास नैसर्गिक आहे की कुणी रचलेली, गवत कुठे दबलं आहे, फटीच्या तोंडाशी बसवलेला दगड बाकीच्यांपेक्षा कमी मळका का दिसतो, हे बघायला उपग्रह उपयोगी पडत नाही.

नजरबादमध्ये बसून हा विषय लिहिण्याला आणखी एक कारण आहे. हा भाग मुळात एका अर्धवट राहिलेल्या किल्ल्याच्या नावाने ओळखला जातो. टिपू सुलतानाने म्हैसूरचा जुना कोट आणि राजवाडा पाडला आणि तिथले दगड पूर्वेकडच्या थोड्या उंच जागी नेऊन नवा किल्ला बांधायला घेतला, त्याचं नाव नजरबाद. ४ मे १७९९ रोजी श्रीरंगपट्टण पडलं आणि टिपू मारला गेला. वडियारांचं राज्य परत आलं, आणि तेच दगड उचलून पुन्हा जुन्या जागी नेले, जुना कोट पुन्हा उभारायला. दगड एका जागेवरून दुसरीकडे गेले आणि परत आले. मधल्या वस्तीला नाव तेवढं उरलं.

याच लढाईत इंग्रज फौजेत विल्यम लॅम्ब्टन नावाचा एक अबोल अधिकारी होता. एप्रिल १७९९ मध्ये, श्रीरंगपट्टणच्या वेढ्याच्या सुरुवातीला, जनरल बेअर्ड यांची एक तुकडी रात्रीच्या अंधारात कूच करत होती. लॅम्ब्टनने आकाशाकडे पाहिलं आणि आपण दक्षिणेऐवजी उत्तरेकडे, थेट टिपूच्या छावणीच्या दिशेने चाललो आहोत, हे सांगितलं. ते बरोबर निघालं आणि तुकडी वाचली. आपण कुठे आहोत हे आकाशाला विचारायचं, ही जिओकॅशिंगची मूळ कल्पना इथून काही मैलांवर एका माणसाने ताऱ्यांच्या आधारे वापरली होती.

टिपूच्या पाडावानंतर हाती आलेल्या मुलखाची नीट मोजणी करायची ठरली. कॉलिन मॅकेंझी यांच्याकडे गावं, नद्या, रस्ते यांचा नकाशा आला. लॅम्ब्टनने त्याहून मोठी कल्पना मांडली: द्वीपकल्पाच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत त्रिकोणांची साखळी टाकायची. जमिनीवर एक रेघ अतिशय काटेकोर मोजायची, मग दोन्ही टोकांवरून दूरच्या डोंगरमाथ्याचे कोन घ्यायचे. एक बाजू आणि दोन कोन मिळाले की त्रिकोण पुरा होतो, आणि त्याची बाजू पुढच्या त्रिकोणाचा पाया होते. १८०० मध्ये बंगळूरजवळ पहिली पायारेषा मोजली गेली. १८०२ मध्ये मद्रासच्या सेंट थॉमस टेकडीपासून साडेसात मैलांची रेषा शंभर फुटी पोलादी साखळीने मोजायला कित्येक आठवडे लागले. भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाची ही सुरुवात. उपग्रह अंतरं मोजतात, लॅम्ब्टन कोन मोजत होता. पण ठाऊक असलेल्या बिंदूंवरून ठाऊक नसलेला बिंदू गाठायचा, हा विचार दोन्हीकडे एकच.

कोन मोजायचं त्याचं यंत्र, थिओडोलाइट, अर्ध्या टनाचं होतं. इंग्लंडहून येताना ते जहाज फ्रेंचांनी पकडून मॉरिशसला नेलं; यंत्र शास्त्राच्या कामाचं आहे हे कळल्यावर त्यांनी ते सन्मानाने मद्रासला पाठवून दिलं. १८०८ मध्ये तंजावरला, सरफोजीराजे भोसल्यांच्या राजवटीत, हे यंत्र मोठ्या देवळाच्या शिखरावर चढवताना दोर तुटला, यंत्र भिंतीवर आपटलं आणि त्याचं कोनांचं चक्र वाकडं झालं. दुसऱ्या कुणी नवं यंत्र मागवलं असतं. लॅम्ब्टन सहा आठवडे तंबूत बसला आणि पाचरी, स्क्रू आणि हातोड्या वापरून त्याने चक्र केसागणिक पूर्ववत केलं. जागा नेमकी सांगण्यासाठी माणसाने किती सोसलं, ते कळलं की खिशातल्या ठिपक्याकडे वेगळ्या नजरेने पाहिलं जातं.

या मोजणीतून पृथ्वीच्या आकाराचा जो हिशेब निघाला, त्यावर जॉर्ज एव्हरेस्ट यांनी १८३० मध्ये एक लंबगोल बसवला. भारताचे जुने सरकारी नकाशे त्याच लंबगोलावर बेतलेले आहेत. जीपीएस मात्र दुसरा, सगळ्या पृथ्वीला लागू पडणारा लंबगोल वापरतं. परिणाम असा, की जुन्या नकाशावरून काढलेले अक्षांश-रेखांश जसेच्या तसे मोबाइलमध्ये घातले तर म्हैसूरच्या परिसरात जागा शंभराहून जास्त मीटर सरकते. जुने नकाशे घेऊन गडकिल्ल्यांवर फिरणाऱ्या आपल्याकडच्या मंडळींनी हे आवर्जून लक्षात ठेवावं. अशा वेळी यंत्र बरोबर असतं आणि नकाशाही बरोबर असतो. दोघांची मोजण्याची पट्टी वेगळी आहे, इतकंच.

आज जागा सांगणारे उपग्रह आपल्या देशाचेही आहेत. भारताच्या नाविक या प्रणालीचा पहिला उपग्रह १ जुलै २०१३ रोजी उडाला. उपग्रहांवर लक्ष ठेवणारं इस्रोचं मुख्य केंद्र हासनला आहे, म्हैसूरहून रस्त्याने दोन-अडीच तासांवर. आता अनेक मोबाइल जीपीएसबरोबर नाविकचे संदेशही ऐकतात.

मग चामुंडीवर पेटी ठेवायची का? माझं मत स्पष्ट आहे: ठेवू नये. हा डोंगर राखीव जंगल आहे. पायऱ्या, रस्ता आणि देवळाचा परिसर सर्वांसाठी खुला असला, तरी झुडपांत शिरायला वनखात्याची परवानगी लागते, आणि ती मागितल्याशिवाय पेटी ठेवणं हे खेळाच्या स्वतःच्या नियमांतही बसत नाही. या झुडपांत बिबट्या राहतो. दगडांच्या फटीत हात घालावा अशी ही जागा नाही, तिथे विंचू आणि साप असतात. ऑक्टोबर २०२१ मध्ये पावसाने नंदीकडे जाणाऱ्या रस्त्याची कडा खचली, ती साऱ्या म्हैसूरने पाहिली. उतार दिसतो त्याहून नाजूक आहे. वाटेबाहेर पडलेलं प्रत्येक पाऊल एक नवी वाट पाडतं, आणि पाणी त्याच वाटेने धावतं. शिवाय देवीच्या देवळाजवळ बेवारस पेटी म्हणजे पोलिसांना हाकच. परदेशातही अशा पेट्यांमुळे बॉम्बशोधक पथकं धावल्याची उदाहरणं झाली आहेत.

आणखी एक काळजी आपल्याकडची खास आहे. ‘डोंगरात काहीतरी लपवलं आहे’ ही कुणकुण आपल्याकडे निरागस राहत नाही. गुप्तधनाच्या लोभाने महाराष्ट्रात आणि कर्नाटकात किती जुनी देवळं, किती नंदी, किती गडांचे चौथरे फोडले गेले, ते गावोगावच्या लोकांना विचारा. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुप्तधनासाठी केलेल्या अघोरी कृत्यांचा उल्लेख करावा लागला, यावरून तो लोभ किती खोल आहे ते कळतं. जमिनीत सापडलेली दहा रुपयांहून जास्त मोलाची ठेव कलेक्टरला कळवावी लागते, असा १८७८ चा कायदाही आहे. जिओकॅशिंगमध्ये खणायला बंदी आहे, पण हे उतारावर कुदळ घेऊन येणाऱ्याला कोण सांगणार?

पण पेटी नको म्हणून शोध नको, असं नाही. या खेळाची एक शाखा २००४ पासून पेटीशिवाय चालते. तिला अर्थकॅश म्हणतात. आकडे तुम्हाला एखाद्या खडकापाशी नेतात आणि एक प्रश्न विचारतात. खडक नीट पाहिल्याशिवाय उत्तर देता येत नाही. चामुंडी त्यासाठीच घडल्यासारखी आहे. हा डोंगर ग्रॅनाइटचा आहे, वय सुमारे ८० कोटी वर्षं. पृथ्वीच्या पोटात खोलवर हळूहळू थिजल्यामुळे त्याचे स्फटिक डोळ्यांना दिसतील इतके मोठे झाले. पायऱ्यांच्या कडेच्या शिळेवर पाणी शिंपडून पाहा, गुलाबी आणि पांढरे दाणे वेगळे उठून दिसतात. सह्याद्रीच्या काळ्या बसाल्टची सवय असलेल्या मराठी माणसाला हा खडक दुसऱ्याच पृथ्वीवरचा वाटेल. आपला बसाल्ट जेमतेम साडेसहा कोटी वर्षांचा.

दुसरा शोध पूर्णांकांचा. १९९६ पासून काही हौशी लोक पूर्ण अक्षांश आणि पूर्ण रेखांश जिथे छेदतात, त्या प्रत्येक बिंदूवर जाऊन छायाचित्र काढतात. १२ उत्तर आणि ७७ पूर्व हा छेद चामराजनगरपासून फार लांब नाही. महाराष्ट्रात २१ उत्तर आणि ७९ पूर्व हा छेद नागपूर आणि बुटीबोरी यांच्यामध्ये येतो. तिथे खांब नाही, पाटी नाही. असेल ते शेत, बांध किंवा बाभूळ. तिथे जायला कुणाचं काही उचलावं लागत नाही आणि मागे काही सोडावं लागत नाही. शेत कुणाचं असेल तर विचारून जावं.

तिसरा मला सर्वांत आवडतो. सर्वेक्षणाच्या माणसांनी देशभरच्या डोंगरमाथ्यांवर खडकात एक वर्तुळ आणि त्याच्या मधोमध एक ठिपका कोरून ठेवला आहे. तो ठिपका म्हणजे त्या त्रिकोणाचं टोक. कित्येक जागी त्यावर शेंदूर लागला, कित्येक जागी तो रंगाखाली गेला. एखाद्या माथ्यावर तो सापडला, तर त्यावरची माती हाताने झटका, छायाचित्र काढा, आकडे टिपा आणि तसाच राहू द्या. दीड-दोनशे वर्षांपूर्वी ठेवलेली ती खरी पेटी आहे. ठेवणाऱ्याने तिच्यात काही घातलं नाही, फक्त ती जागा कुठे आहे ते जगाला सांगितलं.

या शोधाची सुरुवात विदर्भातून करता येईल. नागपुरात झिरो माइलचा १९०७ चा स्तंभ आहेच. तिथून दक्षिणेला वर्धा जिल्ह्यात हिंगणघाटला जा. श्रीरंगपट्टणच्या अंधारात ज्याने आकाश वाचलं, तो विल्यम लॅम्ब्टन त्रिकोणांची साखळी उत्तरेकडे ओढत ओढत तिथवर पोचला होता. जानेवारी १८२३ मध्ये तो हिंगणघाटला वारला, आणि त्याची कबर तिथेच आहे.